मरतलो कोण, ता आधी सांग

"मरतलो कोण, ता आधी सांग."

खालच्या वाडीतल्या काकींनी ओली छत्री वाचनालयाच्या टेबलावर आडवी ठेवली आणि मला फर्मावलं. वय पंच्याऐंशीच्या आसपास. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे दोन्ही डोळे लख्ख, आणि एवढ्या लख्ख डोळ्यांनी नुसती टीव्हीवरच्या सुनांची भांडणं किती बघायची, म्हणून त्या वाचनाकडे वळलेल्या. मी मोठ्या उत्साहाने एक चांगली रहस्यकादंबरी काढून त्यांच्यापुढे ठेवली होती.

"काकी, ते आधीच सांगितलं तर वाचायला उरलं काय?"

"जो मरतलो तेच्यार मी जीव कित्याक लावू? घरातली माणसा गेली ती काय कमी झाली?"

मी गप्प. मुंबईतली नोकरी संपवून गावी आल्यावर संध्याकाळी चार ते सात वाचनालय सांभाळायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं, तेव्हा वाटलं होतं की आपण वाचलेल्या चांगल्या रहस्यकथा लोकांच्या हातात देऊ, ते रात्र रात्र जागतील, सकाळी लाल डोळ्यांनी येऊन आपले आभार मानतील. काकींनी पहिल्याच आठवड्यात मला समजावलं की पुस्तक सुचवणं म्हणजे स्थळ सुचवण्यासारखं आहे. पुढे बरंवाईट झालं की मध्यस्थाच्या नावाने शिमगा.

आमचं वाचनालय मालवणहून आचऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर येतं. ते 'ड' वर्गातलं आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि 'ड'च्या खाली अक्षरच ठेवलेलं नसल्यामुळे आमची घसरण कायमची थांबलेली आहे. चार कपाटं, दोन बाकं, एक पंखा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. वर्षभर पेपर वाचणारेच जास्त. पण 1 जूनला मासेमारीची बंदी लागली की 31 जुलैपर्यंतचे एकसष्ट दिवस आमचा हंगाम. होड्या वर काढून झापांखाली झाकलेल्या, जाळी शिवून झालेली, बाहेर पावसाची झड, लाईट गेलेली आणि ती कधी येणार ते कोणाला ठाऊक नाही. अशा वेळी भल्याभल्या सज्जन माणसाला कोणाचा तरी खून वाचावासा वाटतो.

मागायला येतात ते मात्र सरळ मागत नाहीत. "काय तरी बरा दी" एवढंच. 'बरा' म्हणजे काय हे दोन-तीन फेऱ्यांनंतर कळतं. एकाला खून हवा, पण घरातल्या घरात नको. दुसऱ्याला शेवट 'बरो' हवा, म्हणजे खुनी सापडला पाहिजे, पण त्याच्या आईला त्रास होता कामा नये.

अडचण अशी की मालवणात माल हातात घेऊन दाखवल्याशिवाय काही खपत नाही. बाजारात सरंगा घ्यायला गेलात तर कोळीण कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवते, मग भावावर या. सामाजिक कादंबरीचा कल्ला मला उचलून दाखवता येतो: नायिका कोण, नवरा कसा, सासू काय म्हणते. प्रवासवर्णनाचा येतो. चरित्राचा तर सगळ्यांना आधीच माहीत असतो. रहस्यकादंबरी हा एकच मासा असा, की कल्ला उचललात की तिथल्या तिथे नासला. "का वाचू?" ह्या प्रश्नाचं खरं उत्तर शेवटच्या दहा पानांत असतं, आणि नेमकं तेच द्यायचं नसतं. मग मी नुसता "घेऊन जा, बरं आहे" म्हणतो. लोक माझ्याकडे बर्फातला बांगडा ताजा म्हणून विकणाऱ्याकडे बघावं तसे बघतात.

ह्यावर आमच्या गावातल्या काही हुशार वाचकांनी एक मधला मार्ग शोधून काढला आहे. ते शेवट सांगत नाहीत, 'फक्त' काहीतरी सांगतात. "मी काय सांगणय नाय, फक्त डॉक्टराकडे लक्ष ठेव." "तुका काय सांगूचा नाय, पण दुसऱ्या पानार चाय कोणी केल्यान ता बघून ठेव." ह्या 'फक्त'ने आमच्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं गारद केली आहेत. त्यातल्या त्यात सभ्य लोक म्हणतात, "शेवट ओळखताच येणार नाही." हे तर सर्वांत वाईट. एवढं ऐकलेला मालवणी माणूस पहिल्या पानापासून सगळ्यांत गरीब, सगळ्यांत निरुपद्रवी पात्राच्या मानगुटीवर बसतो. पानवेलीला पाणी घालणारा बहिरा म्हातारासुद्धा मग सुटत नाही.

अगाथा क्रिस्टीबाईंची 1926 सालची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी मी ह्याच भीतीने कोणाला देताना तोंड उघडत नाही. पुस्तक पुढे सरकवतो आणि खिडकीबाहेर बघतो. त्या कादंबरीबद्दल 'वा' एवढं म्हटलं तरी 'वा' का म्हणालो ह्यावर कट्ट्यावर चर्चा होईल.

त्याच वर्षी डिसेंबरात बाई स्वतःच नाहीशा झाल्या होत्या, ते मात्र मी सगळ्यांना रंगवून सांगतो. रात्री मोटार घेऊन घराबाहेर पडल्या, मोटार रस्त्याच्या कडेला सोडलेली सापडली, बाई गायब. पोलीस आणि हजारो माणसं रानं पालथी घालत होती. शेरलॉक होम्सचे जन्मदाते कॉनन डॉइल हे तर बाईंचा हातमोजा घेऊन आत्म्यांशी बोलणाऱ्या एका माध्यमाकडे गेले. जगातल्या सर्वांत तर्कनिष्ठ गुप्तहेराचा बाप, आमच्या भाषेत सांगायचं तर, नारळ घेऊन घाड्याकडे गेला. अकरा दिवसांनी बाई हॅरोगेटच्या एका हॉटेलात दुसऱ्याच नावाने राहताना सापडल्या, आणि ते आडनाव नवऱ्याच्या मैत्रिणीचं घेतलेलं होतं.

ही हकीकत ऐकून आमच्या रिक्षा स्टँडवर कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. वाटलं ते पोलिसांबद्दल. "अकरा दिवस?" मालवणात बाई अकरा मिनिटंसुद्धा हरवू शकल्या नसत्या. स्टँडवर उतरल्या उतरल्या "खंय चल्लास?" खोटं आडनाव सांगितलं असतं तर लगेच "खंयचे ते? तुमचा घर वरच्या वाडीत काय खालच्या?" तिसऱ्या प्रश्नाला कुळाचा देव आणि चौथ्याला नवऱ्याची भानगड. त्यामुळे इथे गुप्तहेरकथा खपवताना मला पहिल्यांदा हे पटवावं लागतं की जगात अशी गावं आहेत, जिथे शेजाऱ्याचं काय चाललंय हे शोधून काढायला पैसे देऊन माणूस ठेवावा लागतो.

भयकथांचं तर विचारूच नका. नारायण धारप मला प्राणप्रिय. शाळेत असताना त्यांचं 'समर्थ'चं पुस्तक वाचून मी चार दिवस परसात एकटा गेलो नव्हतो. स्टीफन किंगचं अमेरिकन पिशाच त्यांनी 'लुचाई'त असं मराठी करून आणलं की त्याला इथलं पाणी बाधलं नाही. तेव्हा मोठ्या आशेने मी धारपांचं एक पुस्तक देवबागच्या बाजूच्या एका रापणवाल्या गड्याला दिलं. चार दिवसांनी पुस्तक परत.

"काय, भीती वाटली?"

"ह्या भूत खोटा असा."

"खोटं म्हणजे? गोष्टच आहे ती."

"तसा नाय. तेका गावाची शीव ठावक नाय. खंयय फिरता. आमचो राखणदार बघ, शिवेच्या भायर पाऊल टाकूचो नाय."

ह्या माणसाला मी काय घाबरवणार? आमच्याकडे देवचार, मुंजा, खवीस, चकवा, समंध ह्यांच्या हद्दी, वेळा आणि खाण्यापिण्याच्या आवडी ठरलेल्या. वेंगुर्ल्याकडच्या आरवलीला वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून लोक त्याला हातभर लांबीच्या चामड्याच्या वहाणा वाहतात, आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. तो फिरतो ह्याची भीती कोणाला नाही. फिरायचा थांबला तर काय, ह्याची आहे. इथे भुताने पुस्तकात यायचं तर आधी गावऱ्हाटीचे नियम पाळून यायला हवं.

2016 साली 'रात्रीस खेळ चाले' मालिका झी मराठीवर सुरू झाली, तेव्हा तर आमची फारच पंचाईत. चित्रीकरण आकेरीत, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. सगळा महाराष्ट्र रात्री दिवा लावून झोपत होता आणि आमच्याकडचे लोक पडद्यावर "ह्या आमच्या मेव्हण्याच्या चुलत्याचा माड" ओळखत होते. पुढच्या भागात कोण मरणार ते आपल्याला सेटवरच्या जेवणाच्या ताटांवरून कळतं, असं छातीठोक सांगणारे तिघे मला भेटले. तिघांनी तीन वेगळी नावं सांगितली. मालिका तीन पर्वं चालली, त्यामुळे कोणाचं ना कोणाचं कधीतरी खरं ठरलंच असणार.

खरा घाम फोडणारं पुस्तक मला अपघातानेच सापडलं, आणि ते घरचं होतं. कुडाळजवळच्या तेंडोलीचे चिं. त्र्यं. खानोलकर, ज्यांना कवितेत आरती प्रभू म्हणून ओळखतात, त्यांची 'कोंडुरा'. श्याम बेनेगलांनी 1978 साली तिच्यावर चित्रपट केला. कपाटावर 'सामाजिक' असं लेबल होतं, म्हणून कोणी हात लावत नव्हतं. मी ती त्याच रापणवाल्याला दिली. दुसऱ्याच दिवशी परत आली. अर्धीही वाचलेली नव्हती. "ह्या नको," तो म्हणाला. "कोंडुऱ्याच्या बाजूक माझी मावशी असा. आधी तिका इचारतंय." अजून विचारतो आहे.

ह्यावरून माझी जी समजूत झाली ती मी नव्या पुस्तकांच्या खरेदीच्या वेळी समितीला सांगून बघितली: माणूस परक्या भुताला भीत नाही, ओळखीच्याला भितो. समितीने मान डोलावली आणि बागकामाची पुस्तकं मागवली.

ओळखीचं म्हणजे काय ते शोधता शोधता जमिनीच्या वादावर आलो. डॅन ब्राउनची 'द दा विंची कोड' जगभर गाजली, मराठीतही आली, ती एका निवृत्त कारकुनांना दिली. हे गृहस्थ आयुष्यभर सामाईक जमिनीच्या केसेसमध्ये तारखा घेत आलेले. चित्रं, चर्च, गुप्त मंडळं ह्यांत त्यांना काडीचा रस नव्हता, पण आठ दिवसांनी आले ते तावातावाने. "दोन हजार वर्सा झाली आणि ह्यांनी वारसनोंद करूक नाय? मगे भांडणा होतलीच! एक सातबारो वेळेवर काढलो असतो तर..."

आणि हे बघा, मी बोलून बसलो. ज्यांनी ती अजून वाचली नसेल त्यांनी वरचा परिच्छेद वाचलाच नाही असं समजावं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जीभ घसरली. कारकुनांनाच दोष द्यायला हवा.

काही वाचक मात्र देवाने खास ग्रंथपालांसाठी घडवलेले असतात. परळच्या गिरणीत उमेद घालवून आलेले एक आजोबा दर शनिवारी येतात.

"काळापहाड असा?"

"कुठला देऊ?"

"खंयचोय दी. मी सगळे वाचलंय आणि सगळे इसारलंय."

रहस्यकथेला ह्याहून चांगला वाचक मिळणं शक्य नाही. ह्यांना एकच पुस्तक मी वर्षातून तीनदा देतो आणि तिन्ही वेळा त्यांचा धक्का ताजा असतो. काळापहाड, झुंजार, धनंजय हे नायक रंगवणारे बाबूराव अर्नाळकर त्यांचं दैवत. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म 1906, मृत्यू 1996, नव्वद वर्षांचं आयुष्य आणि हजारावर रहस्यकथा. गिरगावात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. ह्या धंद्याचं मला फार कौतुक वाटतं: रात्री कंदिलाच्या उजेडात बारीक टायपातला झुंजार वाचून वाचून लोकांचे डोळे जायचे आणि सकाळी ते चष्म्याला कुठे जात असतील, हे ओळखायला धनंजय लागत नाही. गिरण्यांतली आमची माणसं ही पुस्तकं ट्रंकेत घालून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी आणायची. कित्येक घरांत आजही पोथीच्या फडक्यात, पोथीखाली, काळापहाड निघतो.

तरुण पोरांची गोष्ट वेगळी. ती 'दुनियादारी' मागायला येतात, 2013 चा सिनेमा बघून. मी त्यांना सुहास शिरवळकरांचं ते पुस्तक देतो आणि बरोबर त्यांच्या बॅरिस्टर अमर विश्वासची एक कादंबरी ढकलतो, मसाल्याच्या पुडीबरोबर कढीपत्ता देतात तशी. मुलगा पुढच्या वेळी फक्त कढीपत्ता मागायला येतो. आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा मी जूनमध्ये खास राखून ठेवतो, कारण इन्व्हर्टरची बॅटरी बसायच्या आत एक गोष्ट पुरी होते. कादंबरीत खुनी सापडायच्या आधीच अंधार झाला तर लोक दुसऱ्या दिवशी माझ्याकडेच बघतात.

पण आमच्या वाचनालयातलं सगळ्यांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक ह्यांपैकी कोणाचंच नाही. त्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही कुठून तरी मिळवून वाचाल आणि मला फोन करून शेवट सांगाल.

जुनी, जाड्याभरड्या कागदाची रहस्यकादंबरी. एका श्रीमंत म्हाताऱ्याचा वाड्यात खून, घरात सात माणसं, बाहेर पाऊस. तिच्या 43 व्या पानावर समासात पेन्सिलीने, वळणदार अक्षरात लिहिलं आहे: 'माझा संशय: पुतण्या.' हे हायस्कूलच्या मास्तरांचं. त्याखाली दुसऱ्या कोणाचं: 'मास्तरांनू, पुतण्यो त्या राती पुण्याक होतो.' त्याखाली तिसऱ्याचं: 'गेलो म्हणान सांगता. तिकीट खंय असा?' मग माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्या लाल शाईत: 'पुस्तकात लिहू नये.' आणि त्याखाली: 'ग्रंथपालांचो कोणार संशय?'

एका पावसात ह्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा, सोळाच्या सोळा पानं, वाळवीने नेला. मी ते बाद करायला काढलं, तर गावात बोंब. "बाद करायचं नाही, खून कोणी केला ते ठरलेलं नाही." तेव्हापासून त्याला मागणी दुप्पट झाली. आणि माझ्या लक्षात आलं की मला बिनधास्त शिफारस करता येईल असं हे जगातलं एकमेव पुस्तक आहे. कोणाला काहीही सांगा, फुटण्यासारखं त्यात शिल्लकच नाही! त्या पुस्तकापुढे मी पहिल्यांदा कोळिणीसारखा मोकळा बोललो. कल्ला उचलून दाखवला. हळूहळू गावात तट पडले. पुतण्यावाले, धाकट्या सूनवाले, डॉक्टरवाले. दशावताराच्या रात्री संकासुर रंगात आलेला असताना मागच्या रांगेत पुतण्याच्या तिकिटावरून दोघांची जुंपलेली मी बघितली आहे. एक तट असाही होता की म्हातारा मुळात मेलेलाच नाही.

मागच्या चवथीला गिरगावातला एक चाकरमानी गणपतीसाठी आला आणि पिशवीतून तेच पुस्तक काढून माझ्या टेबलावर ठेवलं. वडिलांच्या ट्रंकेत सापडलं म्हणाला. पुठ्ठ्यासकट, शेवटच्या पानासकट, अखंड.

अर्ध्या तासात मास्तर हजर. पाठोपाठ इतर तट. गणपतीच्या आरतीला नसते एवढी माणसं. मास्तरांचं म्हणणं, वाचनालयाने ते दाखल करून घ्यावं, पण कोणाला देऊ नये. "मग घ्यायचं कशाला?" तर म्हणे, नोंद असावी. पुण्याच्या तिकिटावर शंका घेणारा गृहस्थ म्हणाला, कौल लावूया. धाकट्या सूनवाल्यांना मतदान हवं होतं, कारण त्यांची संख्या जास्त होती. शेवटी असं ठरलं की पुस्तक कपाटात कुलूपबंद राहील, किल्ली माझ्याकडे, आणि माझ्यावर विश्वास नसल्यामुळे कपाटाला दुसरं कुलूप, त्याची किल्ली मास्तरांकडे.

हे सगळं चाललेलं असताना खालच्या वाडीतल्या काकी कोपऱ्यातल्या बाकावर बसून होत्या. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. कधी, कोणी दिलं, कोणी बघितलं नाही. आवाज चढलेले असताना त्यांनी शांतपणे मागचं पान उघडलं, चष्मा न लावता वाचलं, पुस्तक मिटलं आणि उठून माझ्या हातात दिलं.

सगळे गप्प.

"काकी," मास्तर म्हणाले, आणि चाळीस वर्षं पोरांना दरडावलेला त्यांचा आवाज जरा कापला, "पुतण्याच ना?"

काकींनी छत्री उचलली. "वाचा," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

चवथ झाली, पितृपक्षही संपला. कपाट दोन कुलुपांत आहे. काकींच्या ओटीवर मात्र संध्याकाळी माणसं असतात, सहज तब्येत विचारायला आलेली. चहा होतो, पावसाच्या गजाली होतात, मग कोणीतरी हळूच विषय काढतं आणि त्या अडकित्त्याने सुपारी कातरत राहतात. डॉक्टरवाल्यांनी नारळ पाठवले. धाकट्या सूनवाल्यांनी मोरीचं सागोतं. आज सकाळी मी स्वतः मास्तरांना कागदात दोन सरंगे गुंडाळून खालच्या वाडीकडे जाताना पाहिलं. मी दिसताच ते थांबले आणि त्यांनी न विचारताच कल्ला उचलून दाखवला.

लाल होता.